दुर्मीळ आजार आणि पहिली पंधरा मिनिटं

(गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी आरतीनंतर झालेल्या व्याख्यानाचा लेखी मजकूर. बोलण्याच्या ओघातली काही वाक्यं छपाईसाठी सावरून घेतली आहेत.)



माझ्या मैत्रिणींमध्ये दोघी केरळच्या आहेत, एक मंड्याची आहे. त्यांना मराठी येत नाही, तरी समोर बसल्या आहेत. मी काय बोलतेय ते त्यांना शब्दांवरून नाही कळलं तरी हातवाऱ्यांवरून कळेल, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी आम्ही एकत्र पाहिल्या आहेत.

मंडळाने विषय दिला, ‘नर्सच्या नोकरीतले विचित्र पेशंट’. मी म्हटलं, विचित्र शब्द तेवढा काढा. पेशंट विचित्र नसतो, आजार आपल्या ओळखीचा नसतो इतकंच. माझं शिक्षण मिरजेला झालं, काही वर्षं मुंबईत काढली आणि मग यजमानांच्या बदलीबरोबर म्हैसूरला आले ती इथलीच झाले. तिन्ही ठिकाणी एक गोष्ट लक्षात आली. एका गावात जो आजार पुस्तकातच वाचायचा, तो दुसऱ्या गावात दर मोसमाला ओसरीवर येऊन बसलेला असतो. आता माकडतापच घ्या. १९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडू लागली आणि पाठोपाठ माणसांना ताप येऊ लागला, तेव्हा तो जगाला नवीन होता. गोचिडीतून पसरणारा हा ताप आहे. मुंबईत मी त्याचं नावही रोजच्या बोलण्यात ऐकलं नव्हतं. सागर-शिमोगा भागातल्या सिस्टरना विचारा, त्या तारीखवार सांगतील. पुढे २०१५-१६च्या सुमारास हाच ताप गोव्यात सत्तरीला आणि आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गला निघाला. काजूच्या बागेत जाणारी माणसं आजारी पडली. तिथल्या दवाखान्यांच्या दृष्टीने तो दुर्मीळ राहिला नाही.

आणि २०२१ साल कुणी विसरलेलं नाही. काळी बुरशी, म्हणजे म्युकरमायकोसिस. माझ्या सगळ्या नोकरीत मी असे पेशंट बोटांवर मोजण्याइतके पाहिले होते. त्या वर्षी महाराष्ट्रात आणि कर्नाटकात त्याचे वेगळे वॉर्ड उघडावे लागले. मी तोवर निवृत्त झाले होते. ज्या मुलींना मी शिकवलं त्या फोन करून सांगत, ‘मॅडम, डोळ्याखाली सूज आहे, गाल बधिर आहे असं पेशंट म्हणतो.’ पेशंट म्हणतो, हे दोन शब्द लक्षात ठेवा. आज मला जे सांगायचं आहे ते त्यांच्याभोवतीच आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती रक्ताची आहे.

रक्त चढवताना पहिली पंधरा मिनिटं सिस्टरने पेशंटजवळून हलायचं नाही, असा आमच्यात नियम आहे. थेंब हळू ठेवायचे, नाडी बघायची, ताप बघायचा, आणि पेशंटच्या चेहऱ्याकडे बघायचं. नातेवाइकांना वाटतं सिस्टर नुसती उभी आहे, हिला काही काम नाही का. अहो, तेच काम आहे. रक्त जुळत नसेल तर बहुतेक वेळा पहिल्या काही मिलिलिटरलाच शरीर सांगतं. थंडी वाजते, कंबर दुखते, सुई लावलेल्या शिरेत आग होते. आणि एक लक्षण आहे ते यंत्रावर दिसत नाही. पेशंटला वाटतं की काहीतरी भयंकर होणार आहे. का ते त्याला सांगता येत नाही. पुस्तकात हे लक्षण म्हणून छापलेलं आहे.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. गावाचं किंवा हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. एक बाई दुसऱ्या बाळंतपणासाठी आली होती. बाळंतपण झालं, पण रक्तस्राव थांबेना. तपासणीत गट ओ पॉझिटिव्ह आला होता, घाई होती, ओ गटाची पिशवी आली आणि लावली. मी शेजारी उभी. दहा मिनिटंही झाली नसतील. बाई म्हणाली, ‘सिस्टर, संकट आग्तिदे.’

आपल्यापैकी जे इथे बरीच वर्षं आहेत त्यांना ठाऊक असेल, कन्नडमध्ये ‘संकट’ म्हणजे आपलं संकट नव्हे. पोटात कालवतंय, जीव घाबरा होतोय, आतून तगमग होतेय, याला इथे संकट म्हणतात. मला कन्नड येऊन तोवर बरीच वर्षं झाली होती, अर्थ मला बरोबर कळला. पण मराठी कानालाही तो शब्द लागला, खोटं कशाला सांगू. मी नळीची चकती बंद केली. मग तिच्या कपाळाला हात लावला, अंगाला कापरं भरत होतं. नळी बदलून सलाईन चालू ठेवलं, डॉक्टरांना हाक मारली, पिशवी तशीच्या तशी रक्तपेढीत परत पाठवली. त्यानंतरची लघवी लालसर झाली होती. पण आत गेलेलं रक्त थोडं होतं, म्हणून बाई वाचली. रक्तस्राव डॉक्टरांनी टाके घालून आणि औषधांनी आटोक्यात आणला.

रक्तपेढीतल्या तंत्रज्ञाने ओ गटाच्या जेवढ्या पिशव्या होत्या तेवढ्या तिच्या रक्ताशी जुळवून पाहिल्या. एकही जुळेना. ओ गटाच्या माणसाला ओ गट चालत नाही, असं कसं? नमुना बंगळूरला गेला आणि उत्तर आलं, ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’.

मुंबईचं नाव असलेला हा रक्तगट आपल्याच माणसांनी शोधला, हे किती जणांना माहीत आहे? १९५२ साली मुंबईत डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे असेच दोन पेशंट आले. एक रेल्वे अपघातातला, दुसरा भोसकला गेलेला. कुणाचंच रक्त त्यांना जुळेना. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी इंग्लंडमधल्या तज्ज्ञांबरोबर त्याचा छडा लावला आणि त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये तो प्रसिद्ध झाला. म्हणून जगभर त्याला ‘बॉम्बे’ म्हणतात. शहराचं नाव बदललं तरी गटाचं तेच राहिलं.

हे प्रकरण काय आहे ते मी त्या बाईच्या नवऱ्याला सांगितलं तसंच तुम्हाला सांगते. भिंतीवर खुंटी असते, त्या खुंटीला आपण टोपी अडकवतो. आपल्या सगळ्यांच्या रक्तपेशींवर अशी एक खुंटी असते, तिला ‘एच’ म्हणतात. कुणाच्या खुंटीवर ए टोपी असते, कुणाच्या बी, कुणाच्या दोन्ही. ओ गटाच्या माणसाची खुंटी मोकळी असते. पण दहा हजारांत एखाद्याच्या भिंतीला खुंटीच नसते. मग टोपी अडकवणार कुठे? साध्या तपासणीत टोपी दिसली नाही की आपण ‘ओ’ लिहून मोकळे होतो. प्रत्यक्षात त्या माणसाच्या शरीराला खुंटीच परकी असते. ओ गटाच्या रक्तात तर सगळ्यात जास्त मोकळ्या खुंट्या. म्हणून सर्वांना चालणारं म्हणून ज्याची ख्याती, तेच रक्त या माणसाला विषासारखं. त्याला फक्त बॉम्बे गटाच्याच माणसाचं रक्त चालतं. भारतात साधारण दहा हजारांत एक असं प्रमाण सांगतात, युरोपात दहा लाखांत एक. म्हणजे हा आपल्याकडचाच पाहुणा.

पण गोष्ट इथे संपत नाही. खरी गोष्ट मला दुसऱ्या दिवशी कळली.

त्या बाईला पहिला मुलगा होता, पाच वर्षांचा. बालवाडीच्या तपासणीत त्याचा रक्तगट ‘बी’ आला होता. बापाचा ओ, आईचा कार्डावर ओ, आणि मुलाचा बी. आता ओ आणि ओ मिळून बी होत नाही, हे दहावीच्या पुस्तकात असतं. घरात कुणीतरी शिकलेल्या माणसानेच ते वाचून दाखवलं होतं. तेव्हापासून सासू नीट बोलत नव्हती. नवरा मारझोड करणारा नव्हता, पण तो गप्प झाला होता. दीड वर्ष. ती बाई मला हे सांगत होती तेव्हा तिच्या आवाजात तक्रारही नव्हती. ती म्हणाली, मी देवाला सांगितलं, तूच काय ते बघ.

रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी नवऱ्याला आणि सासूला बोलावलं. डॉक्टर इंग्रजी शब्दांत सांगू लागले, नवऱ्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटेना. तेव्हा मी खुंटी-टोपीचं सांगितलं. म्हटलं, हिच्याकडे बी टोपी आहे, तिच्या बापाकडून आलेली. पण हिच्या भिंतीला खुंटी नाही, म्हणून ती ट्रंकेत पडून आहे, तपासणीत दिसत नाही. मुलाला टोपी आईने दिली आणि खुंटी तुम्ही दिलीत. म्हणून मुलगा बी. तो तुमचाच आहे. तुमची खुंटी त्याच्या अंगावर आहे.

सासू उठून बाहेर गेली. मला वाटलं राग आला. ती खाली कॅन्टीनमधून सुनेसाठी गरम दूध घेऊन आली. बोलली मात्र काही नाही.

या बाईचे आईवडील मामा-भाची होते. इथे ती रीत आहे, आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत आहे, तेव्हा कुणी कुणाला हसू नये. खुंटी नसण्याचा हा दोष आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो, आणि नात्यातल्या लग्नात तसं होण्याचा संभव वाढतो. अशा आईबापांच्या प्रत्येक मुलाला चारांत एक एवढी शक्यता. म्हणूनच भावंडं आधी तपासतात. तिच्या भावंडांत धाकटा भाऊ त्याच गटाचा निघाला आणि त्याचं रक्त तिला मिळालं. त्याला विचारलं तर म्हणतो, मी तीन वेळा रक्तदान केलंय, कार्डावर ओ आहे. शिबिरात पटकन जी तपासणी होते ती पेशींची. पाण्यासारखा भाग, सीरम, तो ओ पेशींबरोबर तपासला तरच हे उघड होतं. चांगल्या रक्तपेढीत दोन्ही तपासण्या होतात, आणि रक्त देण्याआधी जुळवून पाहतात.

इथे बसलेल्या ओ गटाच्या मंडळींनी आज रात्री झोप उडवून घेऊ नये. दहा हजारांत एक म्हणजे नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव जण नाहीत. पण घरात कुणाला पूर्वी ओ रक्त चालताना त्रास झाला असेल, ‘रक्त मिळत नव्हतं, जुळत नव्हतं’ असं आजीच्या तोंडून ऐकलं असेल, किंवा आईबाप ओ आणि मूल वेगळ्याच गटाचं म्हणून घरात कुजबुज असेल, तर कुजबुज बंद करा आणि मोठ्या रक्तपेढीत जाऊन नीट तपासा. बंगळूरची संकल्प इंडिया फाउंडेशन ही संस्था अशा रक्तदात्यांची नोंद ठेवते. त्या भावाच्या काळात असं काही हाताशी नव्हतं.

पेशंट बोलला म्हणून कळलं, असं मी म्हटलं. पण जो बोलू शकत नाही त्याचं काय? मण्यारीचा दंश तुम्ही ऐकला असेल. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, दुखत नाही, खूण धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग हातपाय, मग श्वास. व्हेंटिलेटरवर घेतलेला असा एक शेतमजूर मुलगा मला आठवतो. पापणी हलत नाही, बाहुल्या मोठ्या, उजेडाला दाद नाही. नवखा माणूस म्हणेल, संपलं. पण मेंदू पूर्ण जागा असतो. सगळं ऐकू येतं. मी आणि माझी ही केरळची मैत्रीण दर पाळीला त्याला सांगत असू, ‘हेदरबेड, आज मंगळवार आहे, तुझी आई बाहेर आहे.’ पाचव्या दिवशी नळी निघाली. आठ दिवसांनी त्याने आम्हाला कोण काय बोललं ते वार लावून सांगितलं. ‘आता काही उपयोग नाही’ असं त्याच्या पायथ्याशी उभं राहून कोण म्हणालं तेही सांगितलं. ती व्यक्ती खोलीत होती. पुढचं मी सांगत नाही.

गलाईवाल्या बांधवांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण विटा, खानापूर, आटपाडीकडून दक्षिणेत आलेली आपली बरीच माणसं सोन्याचांदीच्या भट्टीपुढे बसतात. नायट्रिक ॲसिड टाकलं की तांबूस-तपकिरी धूर निघतो. त्याची खोटी गोष्ट अशी की लागतो तेव्हा फारसा त्रास देत नाही. थोडा खोकला, घशात खवखव. माणूस दूध पिऊन झोपतो. मग काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी भरतं. असाच बावीस वर्षांचा एक मुलगा रात्री तीनला आला होता. धाप, ओठ निळे, तोंडाला फेस. डॉक्टर हृदयाच्या दृष्टीने तपासत होते आणि या वयात हृदय असं का करेल म्हणून कोड्यात होते. बरोबरच्या मित्रांना कन्नड जेमतेम. मी मराठीत विचारलं, ‘बाळा, काल काय काय केलंस?’ ऑक्सिजनच्या मास्कमधून तो म्हणाला, ‘ताई, लाइट गेली, पंखा बंद पडला, धूर लागला दुपारी.’ त्या एका वाक्यावर उपचारांची दिशा ठरली. तेव्हा असा धूर लागला तर बरं वाटलं तरी दवाखान्यात जाऊन सांगा आणि दिवसभर देखरेखीखाली राहा. आणि दोन-चार आठवड्यांनी पुन्हा धाप लागली तर तोच धूर आहे असं समजून परत जा. हा आजार दुसऱ्यांदा डोकं वर काढतो. डागासाठी कॅडमियम वापरत त्याचा धूरही असाच दगाबाज. ‘केडीएम’ हा शब्द कॅडमियमवरूनच आला, एवढं सांगून हा विषय सोडते.

आमच्या व्यवसायातल्या सगळ्यात विलक्षण पेशंटचं नाव घेतल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. अरुणा शानभाग. आपल्या कर्नाटकाची, होन्नावर तालुक्यातल्या हळदीपूरची. मुंबईच्या केईएममध्ये नर्स होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने तिच्यावर अत्याचार केला, गळा आवळल्यामुळे मेंदूचा प्राणवायू तुटला. त्यानंतर ती चार भिंतींच्या एका खोलीत राहिली, १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने जाईपर्यंत. साडेएकेचाळीस वर्षं. ज्या मुलींचा तिच्या दुर्घटनेच्या वेळी जन्मही झाला नव्हता, त्या तिथे नर्स म्हणून लागल्या, तिला पाहायला शिकल्या आणि पुढच्यांना शिकवून गेल्या.

मी केईएममध्ये नव्हते. पण आम्हा नर्सना तिच्याबद्दल जे वाटतं ते एका शब्दात सांगायचं तर तो शब्द ‘पाठ’ आहे. इतकी वर्षं बिछान्याला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होतातच, असं कुणीही म्हणेल. तिला त्या नव्हत्या. न्यायालयापुढेही ही गोष्ट आली. म्हणजे दिवसरात्र कुणीतरी तिला कुशीवर वळवत होतं, चादरीची सुरकुती काढत होतं, पाठ कोरडी करत होतं. ज्याची नोंद पेपरात येत नाही असं हे काम. मासे दिले की तिच्या चेहऱ्यावर आवड दिसते, असंही तिथल्या लोकांनी न्यायालयाला सांगितलं होतं. किनाऱ्यावरची मुलगी ती. तिला शांतपणे जाऊ द्यावं अशी याचिका झाली, ७ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तिच्या बाबतीत नकार दिला आणि एकूण विषयाला मात्र वाट करून दिली. याचिका करणाऱ्यांच्या मनातही तिच्याविषयी कळवळाच होता, असं मी मानते. पण मी आयुष्यभर पाठी पुसल्या आहेत, तेव्हा माझं मन कुठे असेल ते तुम्ही ओळखलंत.

आता कामाचं बोलते. आपल्या मंडळात साठीच्या पुढचे बरेच जण मुलांकडे राहायला म्हणून अलीकडे म्हैसूरला आले आहेत. त्यांना कन्नड येत नाही. मुलगा-सून कामावर असताना काही झालं आणि शेजाऱ्यांनी दोड्डासपत्रेत, म्हणजे के. आर. हॉस्पिटलमध्ये नेलं, तर तिथली सिस्टर कितीही चांगली असली तरी ‘कसंतरीच होतंय’ हे तिला कसं कळणार? ‘कळ मारतेय’, ‘ठणकतंय’, ‘भगभगतंय’ हे तीन वेगळे आजार असू शकतात. म्हणून चार शब्द शिकून ठेवा. नोवु म्हणजे दुखणं. उरी म्हणजे आग. सुस्तु म्हणजे थकवा. आणि संकट, ते तुम्हाला आता आलंच. एका जाड कागदावर नाव, रक्तगट, चालू औषधं, कोणतं औषध सोसत नाही ते, पूर्वी रक्त चढवलं असल्यास त्रास झाला होता का, हे कन्नडमध्ये लिहून पाकिटात ठेवा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी आमच्या या मंड्याच्या सिस्टर रविवारी सकाळी दहा ते बारा इथेच मांडवात बसणार आहेत. त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. जुने रिपोर्ट घेऊन या. तोंडी ‘बहुतेक बी असावा’ असं सांगितलेलं त्या लिहून घेणार नाहीत.

मला दिलेली वेळ कधीच संपली आहे आणि मागे नाचाची मुलं नटून ताटकळली आहेत, त्यातल्या एका उंदीरमामाची शेपटी आताच सुटलेली दिसतेय. ज्यांना काही विचारायचं असेल त्यांनी प्रसादाच्या रांगेत विचारावं, मी पातेल्याजवळच उभी आहे. नमस्कार.